वस्तऱ्याची धार राखणे आणि ताजी करणे: पट्टा आधी, दगड नंतर

धार गेल्यासारखी वाटली की माणूस थेट दगडाकडे वळतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नुसता पट्टा मारून (ताठ चामड्यावर पाते फिरवून) काम भागले असते तिथे बारीक दगड येतो, बारीक दगडाने भागले असते तिथे भरड दगड येतो, आणि वर्षा-दीड वर्षात चांगल्या वस्तऱ्याची पाठ घासून चपटी होते, धार मध्येच आत जाते. म्हणून या लेखात पायऱ्यांइतकाच भर त्यांच्या क्रमावर आणि कुठे थांबायचे यावर दिला आहे.

हा लेख एकसंध पोलादी पात्याच्या, मिटणाऱ्या वस्तऱ्याविषयी आहे. सलूनमध्ये अर्धे ब्लेड अडकवून वापरतात त्या उस्तऱ्याला धार लावायची नसते; त्याचे ब्लेड दर गिऱ्हाइकाला बदलायचे असते. एकसंध पात्याचा वस्तरा एकाच माणसाने वापरावा. घरात दोघे दाढी करणारे असतील तर वस्तरेही दोन असावेत, कारण सूक्ष्म जखमांतून रक्ताद्वारे पसरणारे आजार नुसत्या धुण्या-पुसण्याने टळत नाहीत.

## तयारी: चार शब्द आणि थोडे साहित्य

पात्याची जाड बाजू म्हणजे पाठ, दांडीकडचा शेवट म्हणजे टाच आणि समोरचा शेवट म्हणजे टोक. धारेला लागून दोन्ही अंगांना जी अगदी बारीक चकचकीत पट्टी दिसते, तिला येथे उतार म्हटले आहे. दोन्ही बाजूंचे उतार जिथे एकमेकांना मिळतात ती धार. ते मिळालेच नसतील, तर पुढचे कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही.

सुरी धरताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याचे तसे नाही. पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकवली की कोन आपोआप ठरतो. पाठ ५ मिमी जाड आणि पाते १७ मिमी रुंद असेल, तर धारेचा एकूण कोन सुमारे १७ अंश येतो. पाठ क्षणभर जरी उचलली गेली तरी धार गोल होते. त्यामुळे शेवटपर्यंत पाळायचा नियम एकच: पाठ टेकलेली राहिली पाहिजे.

साहित्यात पुढील वस्तू लागतात: एका बाजूला कापड व दुसऱ्या बाजूला चामडे असलेला पट्टा, ८००० किंवा १२००० क्रमांकाचा बारीक दगड (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक), दागिने किंवा घड्याळ तपासतात तसले दहापट भिंग, काळे मार्कर पेन, धुतलेले मऊ सुती कापड. एक हजाराचा दगड पहिल्या दिवशी विकत घेऊ नये. तो घरात नसला की वापरण्याचा मोहही होत नाही.

सावधान: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू भरड आणि दुसरी बारीक असलेला दगड विळे आणि कोयते यांच्यासाठी असतो. त्याची बारीक म्हणवली जाणारी बाजूही वस्तऱ्याला फार भरड पडते. गल्लीत चाक घेऊन येणारा धारवाला विळी आणि कात्री उत्तम करून देईल, पण वस्तरा त्याच्या हाती देऊ नये. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, पोलादाचे पाणी (त्याला दिलेला कडकपणा) उतरते, आणि तिथे निळसर छटा आली तर तेवढा भाग पुन्हा धार धरत नाही.

## टप्पा १: धार खरोखर गेली आहे का, ते ठरवणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मराठवाड्यात तो गाळणे अधिक महागात पडते, कारण आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही, केस भिजून मऊ होत नाहीत, वस्तरा ओढतो, आणि दोष धारेवर येतो. मी स्वतः एक चांगला वस्तरा महिनाभर दगडावर झिजवल्यानंतर दोष बादलीतल्या पाण्यात असल्याचे ओळखले. म्हणून आधी एक दाढी आरओ फिल्टरच्या किंवा उकळून निवलेल्या पाण्याने, केस दोन-तीन मिनिटे भिजवून आणि दाट फेस करून करून पाहावी. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांत धरावे. ते फार उभे धरले तर धार खरवडते, आणि तीही धारेची चूक वाटते.

त्यानंतरही ओढल्यासारखे होत असेल तर धार तपासावी. वस्तरा एका दिव्याखाली, धार वर करून, डोळ्यांसमोर सरळ रेषेत धरावा आणि सावकाश डोलवावा. खऱ्या धारेला प्रकाश परत पाठवण्याइतकी रुंदी नसते, त्यामुळे ती काळी दिसते. जिथे चकाकणारा ठिपका किंवा रेघ दिसते, तिथे धार चपटी झाली आहे, वाकली आहे किंवा तिला दाता पडला आहे. मग भिंगातून त्या जागेकडे पाहावे.

दुसरी चाचणी हातावरच्या केसांची. त्वचेपासून ४ ते ५ मिमी वर पाते धरून केसांवरून हलकेच न्यावे. धार चांगली असेल तर केस त्वचेला न शिवता तुटतात. टाच, मधला भाग आणि टोक अशा तीन ठिकाणी ही चाचणी वेगवेगळी करावी, कारण धार सगळीकडे सारखी गेलेली नसते. नखावर धार ओढून पाहण्याची सवय मात्र सोडावी. तेवढ्याने तयार धार बिघडते.

निर्णय असा करावा: चकाकी कुठेच नाही आणि केस थोडे अडखळत तुटतात, तर टप्पा २ पुरेसा आहे. पट्ट्यानंतरही केस तुटत नाहीत, पण दाते नाहीत, तर टप्पा ३ आणि ४ करावेत. उघड्या डोळ्यांना दिसणारा दाता, गंजाने खाल्लेली धार किंवा जुन्या बाजारातून आणलेले पाते असेल, तरच टप्पा ५ पाहावा.

## टप्पा २: पट्टा मारणे

पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे चालते. दगडावर याच्या नेमके उलट, म्हणजे धार पुढे चालते. या दोहोंची गल्लत झाली की पट्ट्यात धार रुतते आणि चामडे कापले जाते. माझ्या पहिल्या पट्ट्यावर अशा दोन चिरा आहेत आणि त्या तिथेच ठेवल्या आहेत, म्हणजे हात आपोआप सावध राहतो.

पट्टा खिडकीच्या गजाला किंवा भिंतीतल्या भक्कम हुकाला अडकवून खाली ताठ ओढून धरावा. तो सैल राहिला तर चामडे धारेभोवती वर उचलले जाते आणि धार गोल होते. ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टा वापरावा. त्याला सैल पडण्याची सोयच नसते.

सुरुवातीला तळव्याने पट्टा दोन-तीनदा पुसून घ्यावा. हे काम दिखाऊ नाही. उन्हाळ्यात वावटळीबरोबर घरात येणारी धूळ चामड्यावर बसते आणि तिचा एक कण ८००० च्या दगडाचे काम ओरबाडून टाकतो. मग पाते पट्ट्यावर सपाट ठेवावे, पाठ आणि धार दोन्ही टेकल्याची खात्री करावी, आणि फक्त पात्याच्या वजनाइतका दाब ठेवून पुढे न्यावे. शेवटाला पोहोचल्यावर थांबावे, पाते पाठीवर लोळवून दुसऱ्या कुशीवर टेकवावे आणि परत आणावे. लोळवताना पाठ चामड्यावरच राहते आणि धार वरून फिरते. थांबण्याआधीच वळवण्याची घाई झाली, की धार चामड्यात शिरते.

जाऊन-येऊन एक फेरी धरल्यास कापडावर २० आणि चामड्यावर ४० ते ५० फेऱ्या दर दाढीआधी पुरतात. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल, तर प्रत्येक फेरीत पाते टाचेकडून टोकाकडे तिरके सरकवावे, म्हणजे सगळ्या लांबीला चामडे लागेल. वेग महत्त्वाचा नाही. सलूनमध्ये पाहिलेला सटासट आवाज काढण्याची हौस पहिल्या वर्षी तरी आवरावी.

पडताळणी: पट्टा पात्याला सारखा ओढ देतो आहे का, हे हाताला कळले पाहिजे. एकाच ठिकाणी पाते अडखळत असेल तर तिथे धारेला दाता आहे. फेऱ्या थांबवून टप्पा १ पुन्हा करावा.

चामड्याला खोबरेल किंवा गोडे तेल चोपडू नये. पट्टा चिकट होतो आणि धूळ धरतो. तळव्याची नैसर्गिक स्निग्धता त्याला बहुतेक वेळा पुरते. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की पश्चिमेच्या खिडकीतला पट्टा वाळून कडांना वळतो, म्हणून काम झाल्यावर तो सावलीत, आतल्या भिंतीला लावावा. लहानशी चीर पडलीच, तर तिची उठलेली कड बारीक पॉलिश पेपरने सपाट करून घ्यावी. खोल चीर पडलेला पट्टा बदलणेच बरे.

## टप्पा ३: दगड सपाट करणे आणि पाण्याची निवड

पाठ आणि धार मिळून कोन ठरतो, हे मान्य केले की दगड सपाट असण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर सरळ धार येत नाही.

जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवावा. आरशाची पातळ काच वाकते आणि शहाबादी फरशी सपाट दिसली तरी सपाट नसते. काचेवर ४०० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवून, दगडाच्या तोंडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि दगड त्यावर सारख्या दाबाने घासावा. सगळ्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या, तर दगड सपाट आहे. मधल्या रेघा उरल्या, तर मध्ये खोलगट आहे. त्या जाईपर्यंत घासावे. चारही कडा हलक्या गोल कराव्यात, नाहीतर टाचेजवळ दगडाची कड धारेला लागते. शेवटी दगड भरपूर पाण्याने धुवावा, कारण वॉटर पेपरचा सुटलेला एखादा कण त्यावर राहिला तर पुढचे सारे काम वाया जाते.

दगडावर टँकरचे किंवा हौदाच्या तळाचे पाणी घेऊ नये. त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक रेती असते आणि ८००० च्या दगडाचे कण जेमतेम १ ते २ मायक्रॉनचे असतात. त्यापुढे रेतीचा कण धोंड्यासारखाच. फिल्टरचे किंवा रात्रभर स्थिर ठेवून फडक्यातून गाळलेले पाणी घ्यावे. बारीक दगड बहुधा बुडवून ठेवायचा नसतो, वर पाणी शिंपडले की पुरते. काही दगड पाण्यात पडून राहिले तर तडकतात, म्हणून सोबतच्या सूचना वाचून घ्याव्यात.

## टप्पा ४: बारीक दगडावर धार ताजी करणे

धार ताजी करणे म्हणजे नवी धार काढणे नव्हे. उतार शाबूत आहे, फक्त त्याचा शेवटचा काठ मऊ पडला आहे, असे गृहीत धरून हे काम चालते. म्हणून फेऱ्या थोड्या आणि दाब जवळजवळ नाही.

१. दोन्ही उतारांवर मार्करची काळी रेघ ओढावी आणि वाळू द्यावी.

२. दगडावर पाणी शिंपडून, पाठ व धार टेकवून, धार पुढे ठेवून जाऊन-येऊन एकच फेरी करावी आणि भिंगातून पाहावे. शाई धारेच्या अगदी काठापर्यंत गेली असेल तर पुढे जावे. शाई काठावर उरली असेल, तर आधी कोणीतरी पाठीवर टेप लावून अधिक कोनात धार काढली आहे. अशा वेळी पाठीवर इलेक्ट्रिशियनच्या टेपचा एक थर लावून पुन्हा पाहावे. त्याने कोन साधारण एका अंशाने वाढतो. एकदा टेप वापरली तर पुढे प्रत्येक वेळी ती वापरावीच लागते.

३. १० ते १५ फेऱ्या कराव्यात. दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असल्यास पाते टाचेपासून टोकाकडे तिरके सरकवावे. एकच बाजू सलग घासू नये. जाताना एक आणि येताना दुसरी अशी दर वेळी कूस बदलावी, म्हणजे धारेवर उलटलेली बारीक कड तयार होत नाही.

४. पाते धुऊन, कोरडे करून केसांची चाचणी करावी. समाधान नसेल तर आणखी १० फेऱ्या.

दगडावर वळवतानाही पाते पाठीवर लोळवावे. चुकीची कूस टेकवली तर धार दगडावर उभी आपटते आणि एका क्षणात टप्पा ५ चे काम निघते.

पडताळणी: फेऱ्यांच्या शेवटी पाण्याकडे लक्ष द्यावे. धार नीट टेकत असेल तर पाण्याची पातळ लाट धारेपुढे सारखी सरकते आणि पात्यावर चढते. टोकाजवळ लाट चढत नसेल, तर टोक टेकत नाही. पुष्कळ पात्यांची धार किंचित बाकदार असते. अशा वेळी फेरीच्या शेवटी दांडीकडचा हात जरासा उचलून टोक टेकवावे. टोकावर बोटाने दाबणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण दोन्ही अंगांनी खोलगट घडवलेले पातळ पाते दाबाने वाकते आणि धारेऐवजी उताराचा मधला भागच झिजतो.

सावधान: एकूण ४० फेऱ्यांनंतरही फरक पडत नसेल तर फेऱ्या वाढवू नयेत. बारीक दगड मोठा दोष काढत नाही, तो दोष फक्त चकचकीत करतो. इथे एक रात्र थांबून सकाळच्या उजेडात टप्पा १ पुन्हा करावा.

## टप्पा ५: एक हजाराचा दगड, आणि तो केव्हा नको

दाता एका मिलिमीटरपेक्षा खोल असेल, धार मध्ये आत गेलेली असेल किंवा पाते वाकडे असेल, तर हे काम जाणत्या माणसाकडे द्यावे. जुन्या वस्तऱ्यावर गंजाचा खड्डा धारेपर्यंत गेला असेल तर त्यावर श्रम करू नयेत.

इतर बाबतीत, एक हजाराच्या दगडावर दोन्ही बाजूंना सारख्याच फेऱ्या करून उतार एकमेकांना मिळवायचे असतात. इथे थोडा दाब चालतो, पण तो पाठीवर न येता पात्यावर यावा, आणि शेवटच्या १० फेऱ्या बिनदाबाच्या असाव्यात. टाचेजवळ पाते दांडीला मिळते तिथला जाड भाग दगडावर चढणार नाही, इतके अंतर ठेवावे. तो चढला तर टाच उचलली जाते आणि तिथे हुकासारखा बाक तयार होतो. किती फेऱ्या, हे आकड्यात सांगण्यात अर्थ नाही. दिव्याखाली धारेवर एकही चकाकी उरली नाही आणि तीनही ठिकाणी त्वचेलगतचे केस सहज तुटले, तर उतार मिळाले. त्याआधी पुढच्या दगडावर जाणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

मग ४००० चा दगड, आणि भिंगातून एक हजाराच्या रेघा पूर्ण गेल्याचे दिसल्यावर ८००० चा. प्रत्येक दगडानंतर पाते, दांडीची आतली फट, हात आणि टेबल धुवावे. टेप असेल तर नवी लावावी. १२००० चा दगड असल्यास त्यावर २० हलक्या फेऱ्या पुरेत. त्यानंतर टप्पा २ पूर्ण करून मगच दाढी करावी. दगडावरून उतरलेली धार सरळ गालाला लावू नये.

## हिरव्या पेस्टविषयी

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट उपयोगी आहे, पण तिच्यासाठी वेगळी पट्टी हवी. सपाट लाकडावर किंवा चामड्याच्या तुकड्यावर अगदी पातळ थर लावावा, आणि दगडाची वेळ लांबवायची असेल तेव्हा ५ ते १० फेऱ्या कराव्यात. रोजच्या पट्ट्यावर ती लावली तर परत निघत नाही, आणि रोज वापरली तर धार हळूहळू गोल होत जाते. मग एके दिवशी माणूस म्हणतो की पेस्टनेही काम होईना, आणि तेव्हा दगडावर नेहमीच्या दुप्पट काम करावे लागते.

## दाढीनंतर आणि ऋतूप्रमाणे

केसांइतकाच ओलावाही धार खातो. दाढी होताच पाते कोमट पाण्याने धुवावे, पण दांडीत पाणी जाऊ देऊ नये. पुसताना पाठीकडून धारेकडे पुसावे, धारेच्या लांबीवरून आडवे नव्हे. असे केल्याने बोट आणि धार दोन्ही वाचतात. मग कापडी पट्ट्यावर ५ ते १० फेऱ्या कराव्यात, म्हणजे धारेच्या काठावरचे पाणी निघते. जड पाण्याचा पांढरा थर बसत असेल, तर शेवटचे धुणे आरओ फिल्टरच्या पाण्याने करावे. वस्तरा लगेच मिटू नये. तासभर उघडा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. उकळत्या पाण्यात तर तो कधीच बुडवू नये, कारण शिंगाच्या किंवा प्लास्टिकच्या दांड्या त्यात वाकतात.

उन्हाळ्यात एवढे पुरते. पावसाळ्यात, किंवा वस्तरा आठवडाभर वापरायचा नसेल तेव्हा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरावा आणि एक, पाते दांडीत जिच्यावर फिरते त्या खिळीच्या सांध्यात सोडावा. खोबरेल सोयीचे वाटते, पण परभणीकडच्या थंडीत ते थिजते आणि एरवी जुने होऊन चिकटते. वस्तरा बाथरूममध्ये किंवा चामडी खोळीत ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते. नव्या बुटांच्या खोक्यातून मिळणारी सिलिका जेलची पुडी डब्यात टाकावी आणि जुलै ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पात्याची टाच आणि खिळीजवळचा भाग भिंगातून पाहावा. गंज तिथूनच सुरू होतो आणि तपकिरी ठिपका असताना पुसून जातो.

डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवून दगड केव्हा वापरला, कोणत्या क्रमांकाचा, किती फेऱ्या आणि टेप होती की नव्हती, एवढे लिहून ठेवावे.